मदत हवी आहे: एडमंटन-स्ट्रॅथकोना मतदारसंघाची शीव आणि जुने निकाल

नमस्कार मंडळी,

माझे बाबा तासगावला असतात, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. विधानसभेची निवडणूक झाली की तीत चार रकाने भरायचे: साल, उमेदवार, पक्ष, मताधिक्य. आकडा चुकला तर खोडायचं नाही, वर कागदाची पट्टी डिंकाने चिकटवून नव्याने लिहायचं. लहानपणी त्या पट्ट्या कापून द्यायचं काम माझं होतं.

जून 2025 मध्ये मी कॅनडाची नागरिक म्हणून पहिलं मत दिलं, अल्बर्टा प्रांताच्या विधानसभेसाठी. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "शीव कुठून कुठवर?" आणि दुसरा, "आधी कोण यायचं निवडून?" मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही, फार वाईट वाटलं. आता त्यांनी वहीत माझ्यासाठी एक पान कोरं सोडलंय. ते मला नीट भरून द्यायचंय.

जमवलंय ते सांगते. चुकत असेन तिथे सांगा.

आमचा मतदारसंघ नॉर्थ सस्कॅचवान नदीच्या दक्षिणेला. मधून व्हाइट अव्हेन्यू जातो, पूर्वेकडे मिल क्रीकची झाडीने भरलेली घळ, पश्चिमेला विद्यापीठाचा परिसर. हे मुळात वेगळं गावच होतं! 1891 मध्ये कॅल्गरीहून आलेली रेल्वे नदीच्या अलीकडेच थांबली, कारण एवढ्या खोल पात्रावर पूल बांधणं परवडणारं नव्हतं. स्टेशनाभोवती वस्ती वाढली, तिचं पुढे स्ट्रॅथकोना शहर झालं आणि 1912 मध्ये ते एडमंटनमध्ये विलीन झालं. अल्बर्टाचे पहिले मुख्यमंत्री रदरफर्ड इथलेच आमदार. प्रांताची राजधानी नदीपलीकडे गेली, पण विद्यापीठ त्यांनी अलीकडे आणलं. आजही व्हाइट अव्हेन्यूवर विटांच्या जुन्या इमारती आहेत, शनिवारी शेतकरी बाजार भरतो आणि भाड्याच्या खोल्यांत विद्यार्थीच विद्यार्थी. इथल्या मतदानाचं मूळ मला त्या विद्यापीठाच्या निर्णयात दिसतं.

निकाल असे. 1971 पासून ज्युलियन कोझियाक, प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. 1986 मध्ये त्यांना हरवून एनडीपीचे (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, इथला डावा पक्ष) गॉर्डन राइट आले, 1989 ला पुन्हा. 1990 मध्ये त्यांचं निधन झालं, पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे बॅरी चिव्हर्स. 1993 ला लिबरल पक्षाचे अ‍ॅल झरिव्नी. त्या वर्षी एनडीपीच्या 16 जागा होत्या त्या शून्यावर आल्या. 1997 पासून पुन्हा एनडीपीचे राज पन्नू, मूळचे पंजाबचे, इथल्याच विद्यापीठात प्राध्यापक. 2008 पासून त्याच पक्षाच्या रेचल नॉटली. तेव्हा पक्षाचे सगळ्या प्रांतात दोनच आमदार, आणि 2015 मध्ये 87 पैकी 54 जागा जिंकून त्या मुख्यमंत्री झाल्या. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांची 44 वर्षांची सत्ता उलटली.

आता अडचण. मला दुसरी एक यादी सापडली. तीत "एडमंटन स्ट्रॅथकोना" समोर 1997 ते 2008 रहीम जाफर हे नाव आहे, पक्ष आधी रिफॉर्म, मग अलायन्स, मग कॉन्झर्व्हेटिव्ह. म्हणजे पक्का उजवा. त्याच वर्षांत पन्नू, म्हणजे डावे. एकाच ठिकाणचे लोक असं मत देतात कसे? शिवाय नकाशात स्ट्रॅथकोना नावाचे आणखी भाग दिसतात. कुठला आमचा? मी तीन दिवस यातच अडकलेय.

प्रतिसाद 1

ताई, तुमची पहिली यादी बरोबर आहे. दुसरी खासदारांची आहे. तो केंद्राचा मतदारसंघ, नाव तेच, पण आकाराने बराच मोठा. आपल्याकडे सांगली विधानसभा आणि सांगली लोकसभा, तसं समजा. प्रांतिक नावात एडमंटन आणि स्ट्रॅथकोनाच्या मध्ये जोडरेघ असते, केंद्राच्या आताच्या नावात नसते; जुन्या नोंदींत मात्र तिथेही लांब रेघ दिसते. शोधताना ही खूण धरा, पण जुन्या सालांसाठी आमदार की खासदार तेही बघा. पूर्वेला स्ट्रॅथकोना काउंटी लागते, शेरवुड पार्क वगैरे, ती एडमंटनमध्ये येतच नाही.

जाफर निवडून यायचे त्याला मतविभागणी हे मोठं कारण. विरोधातली मतं लिबरल आणि एनडीपीत फुटायची, आणि इथे सर्वांत जास्त मतं त्याची जागा, निम्मी लागत नाहीत. 2008 मध्ये एनडीपीच्या लिंडा डंकन यांनी त्यांना पाचशेहूनही कमी मतांनी पाडलं. अख्ख्या अल्बर्टातली ती एकच जागा कॉन्झर्व्हेटिव्हांच्या हातून गेली होती. त्या रात्री आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो, ऑफिस असूनही कोणी झोपायला गेलं नाही. आता तिथे हेदर मॅकफर्सन खासदार आहेत, 2019 पासून, एनडीपीच्याच.

तुम्ही दिलेलं मतही पानावर घ्या. नॉटलींनी 2024 च्या अखेरीस जागा सोडली, म्हणून 23 जून 2025 ची पोटनिवडणूक. जिंकले नाहीद नेन्शी, कॅल्गरीचे माजी महापौर. अल्बर्टातल्या एनडीपीचे नेते ते वर्षभर आधीच झाले होते, पण त्यांना आमदारकी नव्हती.

प्रतिसाद 2

शीव लिहिताना साल जरूर घाला. दर काही वर्षांनी सीमा आयोग बसतो आणि रेषा हलवतो. 2024 च्या कायद्याने जागा 87 वरून 89 करायचं ठरलं, त्यामुळे शहरातल्या रेषाही हलणारच. 1986 चा एडमंटन-स्ट्रॅथकोना आणि 2023 चा, यांत सारख्या गल्ल्या किती आणि वेगळ्या किती, हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय सांगू नये. प्रत्येक फेररचनेला एक ओळ द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. जोडरेघेची खूण कळल्यावर दोन्ही याद्या एका तासात वेगळ्या झाल्या. आता पानाच्या डाव्या बाजूला फेररचनेनुसार नकाशे आणि उजवीकडे निकाल, असं करते. खासदारांची यादी पाठीमागच्या पानावर जाईल.

अजून एक विचारते. झरिव्नी आणि कोझियाक ही दोन्ही आडनावं युक्रेनियन वाटतात. मी फक्त इंग्रजी अक्षरं पाहून देवनागरीत लिहिली आहेत. ती इथले जुने लोक कशी उच्चारतात हे कोणी प्रत्यक्ष ऐकलंय का? पान शाईने लिहायचंय.