एव्हरेस्ट बेस कॅम्प : दिंगबोचेचा विश्रांतीचा दिवस वगळावा का?

पर्वतीपायथा, पुणे

सप्रेम नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये आम्ही अकरा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघत आहोत. गटात पंचविशीपासून एकसष्टीपर्यंतची मंडळी असून सर्वांचा सह्याद्रीतला सराव चांगला आहे. निम्म्याहून अधिक जण तर दर रविवारी सिंहगड चढतात. आयोजकांच्या आराखड्यात नामचे बाजार आणि दिंगबोचे या दोन्ही ठिकाणी विरळ हवेशी जुळवून घेण्यासाठी एकेक जादा मुक्काम धरलेला आहे आणि त्यावरून गटात दोन तट पडले आहेत.

तरुण मंडळींचे म्हणणे असे की, नामचेला एकदा थांबल्यावर दिंगबोचेला पुन्हा थांबण्याचे कारण नाही. तो दिवस वाचवून, ट्रेक जिथे सुरू होतो आणि संपतो त्या लुक्लाच्या विमानासाठी हाताशी ठेवावा, कारण आमचे काठमांडू–मुंबई तिकीट लुक्लाहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवसाचे आहे आणि लुक्लाची विमाने हवामानामुळे अडकतात हे सर्वश्रुत आहे. ज्येष्ठांची शंका वेगळी आहे. दोन्ही विश्रांतीच्या दिवशी आराखड्यात तीन-चार तासांची चढाई लिहिलेली आहे. ती सर्वांना सक्तीची असते का आणि तिचा खरोखर किती उपयोग होतो? शिवाय वेगाने चालणाऱ्या चौघांनी दिंगबोचेला न थांबता पुढे जावे आणि बाकीच्यांनी एक दिवस मागून यावे, अशीही एक सूचना आली आहे. आमच्यासोबत एक मुख्य गाईड आणि एक साहाय्यक असेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाटाड्या, ठाणे

मी त्या मार्गावर गट घेऊन जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विश्रांतीच्या दिवसात खरे मोल असते ते त्याच उंचीवर काढलेल्या दुसऱ्या रात्रीचे. दिवसा फिरलात की लॉजमध्ये बसून राहिलात, हा नंतरचा प्रश्न.

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी, असा सर्वमान्य संकेत आहे. आता आपला मार्ग पाहा. फाकडिंग २६१० मीटरवर आणि नामचे ३४४० मीटरवर, म्हणजे एका दिवसात ८३० मीटरची उडी. वाटेत मोंजोला मुक्काम केला तरी सहाशे मीटर उरतातच. नामचेचा जादा मुक्काम या उडीची भरपाई आहे. पुढे तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४० आणि गोरक्षेप ५१६४ मीटर. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५० आणि दिंगबोचे ते लोबुचे ५३० अशा मर्यादेबाहेरच्या दोन उड्या लागोपाठ येतात, आणि ज्या दिवसावर तुमच्या तरुण मित्रांचा डोळा आहे तो नेमका या दोहोंच्या मध्ये बसवलेला आहे. तो दिवस वगळूनही नामचे ते गोरक्षेप सरासरी रोजची साडेचारशे मीटरच्या आत बसते, आणि तुमच्यापैकी कोणीतरी हा हिशेब करून दाखवीलच. परंतु त्रास व्हायचा तो त्या-त्या रात्रीच्या उंचीमुळे होतो. सरासरी कागदावर राहते.

सिंहगडाच्या सरावाने दम वाढतो आणि गुडघे तयार होतात, एवढे खरे. विरळ हवेची सवय मात्र त्याने होत नाही. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे, आणि तुमचे विमान उतरणार तेच मुळी २८६० मीटरवर.

गटाच्या दृष्टीने या दिवसाचा आणखी एक उपयोग आहे, जो आराखड्यात लिहिलेला नसतो. चालण्याच्या दिवशी सगळेच दमलेले असतात, त्यामुळे साधा थकवा कोणता आणि उंचीचा त्रास कोणता हे ओळखू येत नाही. थांबलेल्या दिवशी ते लख्ख दिसते. दिंगबोचेला सकाळी ऊन चांगले असते. बटाट्याच्या शेतांभोवतीच्या दगडी गडग्यांवर लोक मोजे आणि टॉवेल वाळत घालतात. दुपारी दरीतून ढग वर चढले की सगळे जेवणघरात, याकच्या वाळलेल्या शेणावर पेटणाऱ्या शेगडीभोवती येऊन बसतात. त्या वेळी कोण दालभात दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, कोण पत्त्यांच्या डावातून अंग काढून घेतो, कोणाला खोलीतून बोलावून आणावे लागते, हे मी पाहत असतो. ‘काही नाही, झोप नीट झाली नाही,’ असे म्हणणाऱ्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारावे लागते, कारण आपल्यापायी दहा जणांचा ट्रेक अडेल या धास्तीने माणसे डोकेदुखी लपवतात. म्हणूनच थांबायचे की निघायचे याचा निर्णय गटाच्या बहुमतावर सोडू नये. तो गाईडचा असावा आणि तसे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

चौघांना पुढे पाठवण्याची सूचना सोडून द्या. त्यांच्यासोबत एक गाईड गेला की मागच्या सात जणांकडे एकच उरतो. त्या सातांतला एक आजारी पडला आणि गाईड त्याला घेऊन खाली गेला, तर उरलेल्या सहांनी काय करायचे?

भूलतज्ज्ञ, नाशिक

वरील प्रतिसादाला वैद्यकीय बाजूची जोड देतो.

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, आणि बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे. दाब घटला की श्वास आपोआप वाढतो, त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड जादा बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. पण हाच बदल मेंदूला श्वास आवरता घ्यायला लावतो, त्यामुळे गरज असूनही श्वास पुरेसा वाढत नाही. मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा तोल सावरतात, तेव्हा कुठे अडसर दूर होतो. या कामाला एक-दोन दिवस लागतात आणि माणूस कितीही कसलेला असला तरी त्यात घाई करता येत नाही. वर गेल्यावर लघवीला वारंवार जावे लागते, त्याचे हेही एक कारण आहे. एका दिवसाच्या मुक्कामात ‘रक्त वाढते’ असे ट्रेकवर हमखास ऐकायला मिळते, त्यात मात्र तथ्य नाही; तांबड्या पेशींची लक्षणीय वाढ व्हायला काही आठवडे जावे लागतात.

डायमॉक्स या नावाने मिळणारे ॲसिटाझोलामाइड मूत्रपिंडांचे हेच काम वेगाने घडवून आणते. प्रतिबंध म्हणून प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. ते लक्षणे झाकून टाकते हा गैरसमज आहे, परंतु ते घेतले म्हणून मुक्काम गाळण्याची मुभा मिळते असेही नाही. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. लॉजमधले लसणाचे सूप चवीसाठी अवश्य प्यावे, औषध म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

आपल्या गटातील ज्येष्ठांची काळजी सर्वांना वाटत असणार. दिंगबोचेच्या शेजारीच असलेल्या फेरिचे येथे १९७५ साली २७८ ट्रेकर्सची पाहणी झाली होती, आणि तिचे निष्कर्ष पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना उंचीचा त्रास झाला होता. तरुण, विमानाने लुक्लाला आलेले, भराभर चढलेले आणि वाटेत कमी रात्री मुक्काम केलेले, यांच्यात त्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांपेक्षा तुमचे चौघे वेगवान गडीच या वर्णनात अधिक बसतात. वयाबरोबर येणारे हृदयविकार वगैरे हा स्वतंत्र विषय असून त्याची तपासणी घरून निघण्यापूर्वी करावी.

दिंगबोचेच्या दुसऱ्या सकाळी डोकेदुखी असेल आणि सोबत मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना जाणे किंवा गळून गेल्यासारखे वाटणे यांपैकी काही असेल, तर त्या व्यक्तीने लक्षणे जाईपर्यंत वरच्या मुक्कामाला जायचे नाही. थांबूनही त्रास वाढत गेला तर खाली उतरायचे. सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालताना तोल जात असेल, बोलण्यात असंबद्धता येत असेल किंवा बसल्या जागीही धाप लागत असेल, तर मेंदूला अथवा फुप्फुसांना सूज आल्याचे समजून लगेच, रात्र असली तरी, सोबतीने खाली न्यावे. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेण्यास हरकत नाही, पण ते घेतल्याचे गाईडला सांगितलेच पाहिजे.

जाता जाता एक. ऑक्सिमीटरचे आकडे जेवणाच्या टेबलावर एकमेकांना दाखवत बसू नका. त्या उंचीवर ऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच्या दरम्यानचा आकडा ठणठणीत माणसांतही दिसतो आणि गार बोटांवर ते यंत्र भलतेच काहीतरी दाखवते. आकडा उत्तम आणि माणूस आजारी, असेही घडते.

खुशालचेंडू, बडोदा

मुक्काम वगळू नये याविषयी दुमत नाही, परंतु त्या दिवशीच्या चढाईचे जे स्तोम माजले आहे त्यावर कोणीतरी बोलायला हवे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपावे हा गिर्यारोहकांचा जुना प्रघात आहे आणि तो चांगलाच आहे. पण त्याचे रूपांतर हजेरीत झाले आहे. दिंगबोचेच्या वरच्या नांगकार्त्सांग शिखराची उंची सुमारे ५०८० मीटर आहे, म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली साडेसहाशे मीटरहून अधिक चढण. तिथे टोकापर्यंत पोहोचण्याची शर्यत लावून संध्याकाळी डोके धरून बसलेली तरणीताठी माणसे मी पाहिली आहेत. ज्यांना बरे वाटत आहे त्यांनी तास-दीड तास सावकाश चढावे, दम लागून बोलणे तुटू लागले की थांबावे आणि जेवायच्या वेळेला परतावे. ज्यांचे डोके सकाळपासूनच जड आहे त्यांनी चढूच नये.

ज्येष्ठांसाठी मी वेगळा बेत सुचवतो. दिंगबोचेहून लहानशी धार ओलांडली की पलीकडच्या खोऱ्यात फेरिचे लागते. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदत केंद्र असून वसंत आणि शरद ऋतूंतल्या हंगामात तिथले डॉक्टर दुपारी विरळ हवेच्या आजारांवर व्याख्यान देतात. शक्य असेल तर तरुणांनाही सोबत न्या; घरच्या मंडळींचे जे ऐकले जात नाही ते तिथे मुकाट्याने ऐकले जाते. येताना धार पुन्हा चढावी लागते, तेवढी चढण पुरे आहे.

नामचेला तर पर्याय भरपूर आहेत. स्यांगबोचेच्या वरचे हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यू ३८८० मीटरवर आहे. तिथे चहा घेऊन खुमजुंगला उतरता येते, जिथे हिलरींनी १९६१ साली उभारलेली शाळा आहे. ज्यांना एवढेही नको असेल त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला शेर्पा संग्रहालयापर्यंत जाऊन यावे. शनिवार असेल तर आठवड्याचा बाजार आहेच.

एक अपवाद नोंदवतो. विमान टाळून खालच्या जिरी गावाहून चालत आलेल्या किंवा नुकत्याच चार हजार मीटरच्या वर काही रात्री काढलेल्या माणसाला दिंगबोचेचा दिवस कदाचित लागणार नाही. आपण विमानाने जात आहात, तेव्हा ही सवलत आपल्याला लागू नाही.

पर्वतीपायथा, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे प्रतिसाद गटात वाचून दाखवले आणि फेरिचेच्या पाहणीचा उतारा ऐकल्यावर चौघांचा आवाज पुष्कळ खाली आला. गट फोडायचा नाही, चढाई ऐच्छिक ठेवायची आणि दिंगबोचेचा मुक्काम कायम, एवढे ठरले. परतीच्या तिकिटाचा पेच मात्र तसाच आहे. गोरक्षेपहून लुक्लापर्यंतच्या उतरणीला आराखड्यात तीन दिवस आहेत. त्यांतून एक दिवस काढता येईल का?

वाटाड्या, ठाणे

उतरताना विरळ हवेची अडचण नसते, त्यामुळे तत्त्वतः काढता येईल. पण अकरा जणांच्या गटात तसे करू नये असे मी म्हणेन. गोरक्षेपच्या वरच्या कालापत्थरला पहाटे जाऊन आलेली माणसे त्याच दिवशी लांब पल्ला मारू लागली की गुडघे आणि घोटे दुखावतात, आणि उशिराच्या अंधारात दगडांवरून पाय घसरतो. त्यापेक्षा तिकीट दोन दिवस पुढे ढकलून घ्या. अकरा जणांचा बदलाचा खर्च आत्ता जड वाटेल, परंतु लुक्लाला अडकल्यावर ऐनवेळी हेलिकॉप्टर शोधण्याच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. काठमांडूत ट्रेकच्या आधी स्थलदर्शनाचा दिवस असेल तर तो उचलून शेवटी टाका. विमाने वेळेवर निघाली तर पशुपतिनाथ आणि भक्तपूर तेव्हा पाहता येईल.

आणखी एक गोष्ट आयोजकांना आजच विचारून घ्या. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथली विमानतळावरून होतात. तसे असेल तर मध्यरात्रीनंतर लगेच गाडीत बसून चार-पाच तासांचा प्रवास करावा लागेल, आणि जागरण झालेली मंडळी त्याच दिवशी लुक्लाहून चालायला लागतील. त्या दिवशी फाकडिंगच्या पुढे जाण्याचा आग्रह कोणीही धरला, तर मान्य करू नका. परतीलाही लुक्लाहून मंथलीलाच उतरावे लागेल, तेव्हा काठमांडूला पोहोचण्याची वेळ संध्याकाळची धरूनच नवे तिकीट काढा.