‘हिट द रोड’: न सांगणं ही कला की नाइलाज?

खिडकीची सीट: इराणी दिग्दर्शक पनाह पनाहीचा ‘हिट द रोड’ (२०२१) हा सिनेमा अखेर पाहिला. आई, प्लास्टरमधला पाय घेऊन बसलेला बाप, गप्प गप्प थोरला, डोकं उठवणारा धाकटा आणि आजारी कुत्रा. गाडी तुर्कस्तानच्या हद्दीकडे, कारण थोरल्याला देशाबाहेर पाठवायचंय. त्यानं असं केलंय काय, हे ९३ मिनिटांत कुणी सांगत नाही! हे कलात्मक मौन वगैरे नाही, सेन्सॉरची भीती आहे. आपण उगाच ‘संयत’ म्हणून डोक्यावर घेतो.

आडगावकर: असहमत. धाकट्याला तरी कुठे सांगितलंय? त्याला वाटतं, दादा लग्न करायला चाललाय. दिग्दर्शकानं आपल्याला त्याच्याच शेजारी बसवलंय. कारण कळलं असतं तर आपण पोराचा न्यायनिवाडा करत बसलो असतो. आता आईकडे बघावं लागतं. आणि निरोपाचा प्रसंग आठवा, माणसं पार ठिपक्यांएवढी. तिथे कॅमेरा काय सेन्सॉरनं मागे ओढला?

रिकामटेकडी: उलट सेन्सॉर आहे म्हणूनच तो सिनेमा इतका सूचक झाला. गाडीचंच बघा ना. पडद्यावरच्या बाईनं घरातही, पोटच्या पोरासमोरही डोकं झाकायचं, असा इराणमधला नियम. त्यामुळे घरातली दृश्यं खोटी वाटतात. गाडी म्हणजे चारचौघांतली जागा, तिथे रुमाल खपून जातो. किआरोस्तामींच्या ‘टेन’पासून जाफर पनाहींच्या ‘टॅक्सी’पर्यंत इराणी दिग्दर्शक गाडीत का बसले, त्याचं एक उत्तर हे.

खिडकीची सीट: मग सेन्सॉरचा सत्कार करू या का? जाफर पनाही म्हणजे याच दिग्दर्शकाचे वडील. २०१० मध्ये सहा वर्षांची कैद सुनावली, वर सिनेमा करण्यावर २० वर्षांची बंदी. ‘टॅक्सी’त ते स्वतः गाडी चालवतात ते काही हौसेनं नाही. जे सिनेमे झाले ते आपल्याला दिसतात. जे कागदावरच मेले, ते कुठल्या खात्यात धरायचे?

आडगावकर: ते ‘म्हणूनच’ मलाही पटत नाही. पण तुमचा ‘भीती’ शब्दही चुकीचा आहे. आई गाडीत १९७९च्या इस्लामी क्रांतीआधीच्या गाण्यांवर ओठ हलवते. जिथे बाईनं पुरुषांसमोर एकटीनं गायला बंदी, तिथे! घाबरट माणूस हे ठेवेल?

खिडकीची सीट: गाण्यात हिंमत आणि कथेत मौन. म्हणजे कुठे किती चालेल, याचा अंदाज घेऊनच लिहिलंय ना? मी तेच म्हणतोय.