सिडनी ऑपेरा हाऊसची पन्नाशी : नेमकं माहीत असलेलं लिहा

२० ऑक्टोबर १९७३ ला उघडलेल्या सिडनी ऑपेरा हाऊसने २०२३ मध्ये पन्नाशी गाठली. फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. बांधकाम, रंगमंच, ध्वनी यांतलं जे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे ते इथे मांडा.

स्ट्रक्चरल इंजिनियर
छतापासून सुरुवात करते. १९५७ ची स्पर्धा जिंकताना डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उत्सॉन यांनी छताची कवचं हाताने रेखाटली होती, प्रत्येकाचा वक्र वेगळा. म्हणजे तुकड्यागणिक नवा साचा, आणि तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. १९६१ मध्ये तोड निघाली : सगळी कवचं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायची. वक्र एकच झाल्यामुळे साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. कवचांना पेलणाऱ्या काँक्रीटच्या बरगड्यांचे २,१९४ तुकडे ओतून, इपॉक्सी गोंदाने जोडून केबलने ताणले. या इमारतीतलं सगळ्यात देखणं काम माझ्या मते हेच.

चूक झाली ती जोत्यात. छताचं डिझाइन पक्कं नसतानाच १९५९ मध्ये काम सुरू केलं होतं. छत अंदाजापेक्षा जड निघालं आणि उभे झालेले खांब पाडून नव्याने बांधावे लागले.

टाइल्सबद्दल थोडं
वरच्या प्रतिसादात भर. टाइल्स १०,५६,००६, स्वीडनमधल्या होगानेस कंपनीच्या, १२ सेंटिमीटर चौरस. शिडीवर चढून एकेक बसवली असती तर वक्रावर रेषा वाकड्यातिकड्या गेल्या असत्या. म्हणून खाली साच्यात टाइल्स उपड्या मांडायच्या, वरून जाळी आणि मसाला घालायचा, आणि तयार झालेलं अख्खं पॅनेल उचलून बरगड्यांना बोल्टने कसायचं. अशी ४,२२८ पॅनेल्स आहेत.

छत पांढरंशुभ्र नाही, हे जवळ गेल्यावर कळतं. पॅनेलच्या मध्ये चकचकीत पांढऱ्या टाइल्स, कडेला मॅट, साईच्या रंगाच्या. सगळ्याच चकचकीत असत्या तर उन्हात डोळे दिपले असते. तपासणीला माणसं दोराने छतावर उतरतात आणि टाइलवर हातोडी हलकेच वाजवून आवाज ऐकतात. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. बद्द वाजली की मागे पोकळी आहे.

नेपथ्य आणि रंगमंच
मैफलीचं आणि ऑपेराचं अशी दोन्ही मोठी सभागृहं शेजारी-शेजारी असल्याने बाजूला जागाच उरली नाही. आपल्याकडे सेट विंगेत सरकवतात. इथल्या ऑपेराच्या सभागृहात, म्हणजे जोन सदरलंड थिएटरमध्ये, विंगा अगदी तोकड्या, त्यामुळे सेट खालून लिफ्टने वर येतो. लांबी-रुंदी आधी लिफ्टच्या मापाने ठरवा, मग डिझाइन करा. ऑर्केस्ट्रा पिटचा, म्हणजे वादकांच्या खड्ड्याचा, बराच भाग रंगमंचाखाली गेलाय, तिथले वादक दाटीवाटीने बसतात.

याचं मूळ १९६६ च्या सुमारास आहे. मोठं सभागृह ऑपेरा आणि मैफल दोन्हींसाठी होतं. ते फक्त मैफलीला द्यायचं ठरलं, बसवून झालेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली आणि ऑपेरा धाकट्या सभागृहात गेला. १९६६ मध्येच उत्सॉनही काम सोडून निघून गेले होते.

ध्वनिव्यवस्था
कॉन्सर्ट हॉलचं, म्हणजे मैफलीच्या त्या मोठ्या सभागृहाचं, दुखणं उंचीचं होतं. मंचावर छत सुमारे २५ मीटर. सूर वर जायचा तो वेळेत परत यायचा नाही, मग व्हायोलिनवाल्यांना मागची पितळी वाद्यं नीट ऐकू यायची नाहीत आणि ताल सांभाळताना दमछाक व्हायची. सुरुवातीला मंचावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकची गोल कडी टांगली होती, पण ती अपुरी पडली. फेब्रुवारी २०२० मध्ये हॉल बंद करून जुलै २०२२ मध्ये उघडला तेव्हा तीन गोष्टी बदलल्या होत्या. मंच ४० सेंटिमीटर खाली आणला. वादकांसाठी खालीवर होणाऱ्या पायऱ्या बसवल्या. कड्यांच्या जागी किरमिजी रंगाच्या फायबरग्लासच्या १८ पाकळ्या आल्या. त्या सूर मंचावरही परतवतात आणि प्रेक्षकांतही पसरवतात. माइकवरचा कार्यक्रम असेल तर उलट करायचं : पडदे सोडून घुमारा शोषून घ्यायचा, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात.