इतरांच्या हक्कांसाठी झटलेल्या कार्यकर्तीचा सत्कार कसा करावा?

प्रश्न

आमच्या परिसरात गेली जवळपास तीस वर्षे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीचा जाहीर सत्कार करावा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईबरोबर रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जायचे आणि तक्रार नोंदवली जाईपर्यंत तिथून हलायचे नाही, मजुरी बुडालेल्यांचे अर्ज लिहून द्यायचे, जन्माचा दाखला नसलेल्या मुलांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, आणि खटला उभा राहिला की प्रत्येक तारखेला सोबत बसायचे, हे त्यांचे काम. कोणत्याही संस्थेचे पद त्यांच्याकडे नाही. आता त्यांचे वय झाले आहे. त्यांच्या हयातीतच, त्यांना ऐकता येईल तेव्हाच, आपण आपली कृतज्ञता बोलून दाखवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी की, त्यांच्यामुळे ज्यांचे आयुष्य सावरले अशा चार-पाच स्त्रियांनी व्यासपीठावरून आपापली कहाणी सांगावी, असे समितीतील बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते खटकते; पण का खटकते, हे नेमके मांडता येत नाही. शिवाय मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि पहिल्या खर्ड्यात ‘त्यागमूर्ती’ आणि ‘वात्सल्यसिंधू’ यांच्यापलीकडे काहीच उतरलेले नाही. ज्यांना असा अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपल्याला खटकते आहे ते योग्यच आहे. हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठीच्या एका मदत केंद्रात मी काही वर्षे काम केले. तिथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीच्या सत्कारात अशाच एका स्त्रीला बोलायला उभे केले गेले. ती फार चांगली बोलली, सभागृह हेलावून गेले. पण कुणीतरी त्या भाषणाचे चित्रीकरण पुढे पाठवले, आणि जिचा ठावठिकाणा आम्ही दोन वर्षे कसोशीने गुप्त ठेवला होता, तिला महिन्याभरात मुलांना घेऊन पुन्हा घर बदलावे लागले. आयोजकांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी तिची संमतीही घेतली होती. पण जिने आपल्याला मरणाच्या दारातून मागे आणले, तिच्या सत्कारात बोलाल का, असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितीजणींना असते? उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा होकार धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या १२व्या कलमात म्हटले आहे, की कुणाच्याही खासगी जीवनात, कुटुंबात, घरात वा पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये आणि कुणाच्या प्रतिष्ठेवर आघात होता कामा नये. आपल्या कार्यकर्तीने तीस वर्षे इतरांचा हाच हक्क जपला आहे. त्या स्त्रियांना श्रोत्यांमध्ये जरूर बोलवावे. ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी पत्र लिहावे आणि ते थेट सत्कारमूर्तींच्या हाती द्यावे. त्यातले काही वाचून दाखवायचेच असेल, तर नाव तर काढावेच, पण खटल्याचे वर्ष, मुलांची संख्या, नवऱ्याचा व्यवसाय हेही काढावे. परिसर लहान असला की नाव गाळूनसुद्धा माणूस ओळखू येतो.

प्रतिसाद २

मानपत्राविषयी लिहितो. ‘त्यागमूर्ती’ आधी खोडावे. असली विशेषणे कुणालाही चिकटवता येतात, हा त्यांचा लहान दोष. मोठा दोष हा, की ती हक्काच्या लढ्याला दयेचे रूप देतात. बुडालेली मजुरी मिळवून देणे हा मजुरावर उपकार नव्हे, ते त्याचे येणे होते.

एका शब्दाने काय बिघडते, असे समितीत कुणी म्हणाले, तर हंसा मेहता यांचे उदाहरण द्यावे. वैश्विक जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात माणूस या अर्थी जो शब्द होता त्याचा अर्थ ‘पुरुष’ असाही होत असे, आणि अनेक देशांत तो तसाच वाचला जाईल, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या आग्रहामुळे तिथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द आले आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये महासभेने स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात ते कायम राहिले.

तेव्हा मानपत्रात आपल्या कार्यकर्तीने काय केले ते लिहावे. किती वाजता निघाल्या, कुठे बसून राहिल्या, कोणत्या अर्जाला किती महिने लागले, अशा तपशिलातून माणूस उभा राहतो. निकाल विरुद्ध गेला तरी त्या कुटुंबाची साथ त्यांनी सोडली नाही, असे एखादे प्रकरण असेल तर तेही टाळू नये. मला तर तेच सर्वांत बोलके वाटेल.

प्रतिसाद ३

व्यासपीठावर कोण बसणार, हे त्यांना विचारून ठरवावे. ज्याच्या विरोधात त्यांनी तक्रारअर्ज लिहिले, त्याच्याच हातून मानपत्र घेण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

पद नाही, असे आपण लिहिले आहे. या कामाला पद लागतही नाही. ९ डिसेंबर १९९८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्करक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमानुसार मानवी हक्कांसाठी झटण्याचा हक्क प्रत्येकाला, एकट्याने वा इतरांसह, आहे. १३वे कलम या कामासाठी निधी मागण्याचा, स्वीकारण्याचा आणि वापरण्याचा हक्कही मान्य करते. म्हणून सभागृहाच्या सजावटीवरचा खर्च वाचवून ती रक्कम कामासाठी द्यावी, आणि तिचा विनियोग त्यांनीच ठरवावा. त्यांचे अर्ज कसे लिहिलेले असतात, कोणत्या कचेरीत कोणता कागद आधी लागतो, हे त्यांच्याकडून कुणी शिकून घेतले आहे का? नसल्यास सत्कारापेक्षा ते अधिक निकडीचे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. काल त्यांच्या घरी जाऊन आले. व्यासपीठावरील मनोगतांचा बेत रद्द केला आहे, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, की आम्ही मोठ्या मनाने हे केले नसते तर त्या कार्यक्रमाला आल्याच नसत्या. निधीपेक्षा त्यांना दोन तरुण मुली हव्या आहेत, आठवड्यातून एक दिवस अर्ज लिहायला शिकणाऱ्या. आमच्यातील दोघींनी तिथेच होकार दिला.

मानपत्राचा नवा खर्डा त्यांना वाचून दाखवला. हरलेल्या खटल्याचा परिच्छेद त्यांनी ठेवायला सांगितला. ‘अनेकांना न्याय मिळवून दिला’ हे वाक्य मात्र त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन खोडले आणि त्यावर लिहिले: ‘न्याय मागणाऱ्यांच्या शेजारी बसून राहिल्या.’ मानपत्राची सुरुवात आता त्याच वाक्याने होणार आहे.