तारकर्लीला कुठल्या घाटानं? (कोल्हापूर, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर)

अमोल ३०२: मंडळी, शुक्रवारी तारकर्लीला निघालोय. आई, ही आणि चिरंजीव. नवीन गाडी, म्हणजे जुनीच, पण आपल्याला नवीन. घाट पहिल्यांदाच चालवणार. मॅप गगनबावड्यावरनं दाखवतोय. पहाटे चारला निघायचं म्हणतोय, म्हणजे नऊला समुद्रावर. का राधानगरी-फोंड्यानं जाऊ? का आंबोली?

समीर २०४: गगनबावडा. डोळे झाकून.

आबा १०४: डोळे उघडे ठेवून जा रे बाबा.

समीर २०४: 😂 आबा, म्हणायची पद्धत आहे. २०२४ मध्ये गगनबावड्याचा करूळ घाट काँक्रीटसाठी बंद होता तेव्हा आम्ही भुईबावड्यातनं उतरलोय. आता तर रस्ता चांगला झालाय.

नीता ४०१: आम्ही मागच्या वर्षी आंबोलीनं गेलो. निपाणीपर्यंत हायवे, मग उत्तूर, आजरा. संकेश्वर-बांदा रस्ता मोठा केलाय, मस्त पळतीय गाडी. पण सावंतवाडीला उतरून परत मालवणकडं वर यावं लागतं. तीस-चाळीस किलोमीटर जास्त पडतंय. गोव्याला जायचं तर आंबोली, तारकर्लीला नाही.

अ‍ॅडमिन: पाण्याची मोटर कोण चालू ठेवून गेलंय? टाकी ओसंडतीय. विषय कुठलाही असो, आधी मोटर बंद करा.

अमोल ३०२: मग गगनबावडा का फोंडा?

समीर २०४: दोन्हीनं जाऊन दीडशेच्या वर पाच-दहा किलोमीटर. कुठनंबी जा.

शिंदे काका १०१: मला कुणी विचारलं नाही तरी सांगतो. घाटाचं नंतर बघू. अमोल, पहाटे चारला का निघालायस ते सांग आधी.

अमोल ३०२: ट्रॅफिक नसतंय म्हणून काका.

शिंदे काका १०१: कोण म्हणतंय नसतंय? डिसेंबरात पहाटे कोल्हापूरच्या बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर ऊस असतो. गळीत हंगाम चालू आहे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात बैलगाड्या. रात्रभर कारखान्याच्या नंबराला लागायला पळत असतात, पळत म्हणजे ताशी पंधरानं. गगनबावड्याला जा, राधानगरीला जा, आजऱ्याला जा, तिन्ही रस्त्यांवर कारखाने आहेत. तू घाटाला भितोयस. घाटात माणूस आपसूक जपून चालवतोय. मरतो तो घरापासनं पंचवीस किलोमीटरवर, सरळ रस्त्यावर, अंधारात.

मेघा वहिनी ४०३: काका, सकाळी सकाळी मरायचं काढू नका हो. निघालेत लेकरू घेऊन.

शिंदे काका १०१: काढतो ते निघण्याआधीच काढतो वहिनी. एसटीत असतानाची गोष्ट आहे, गगनबावड्याहून पहिली गाडी घेऊन येत होतो. कळ्याच्या अलीकडं, साडेपाच वाजले असतील. नदीकडनं धुकं आलेलं. समोरनं एका ट्रकानं अप्पर मारला, डोळ्यापुढं नुसता पांढरा पडदा. दोन सेकंद, फार तर तीन. ट्रक गेला आणि काचेसमोर काय दिसतंय, तर पांढरे गोल ठिपके. पन्नास-शंभर ठिपके. मला कळंना काय आहे. उसाचे बुडखे! तोडलेले, ट्रॉलीच्या मागं दीड-दोन हात बाहेर आलेले. दिवा फुटलेला, त्या जागी लाल फडकं बांधलेलं. अंधारात लाल फडकं म्हणजे काळं फडकं. ब्रेकवर उभा राहिलो. एक ऊस काचेला लागला आणि वायपर उचलून वर सरकला. कर्रर्र असा आवाज. मागं प्रवासी झोपेतनं उठले. आणि तो ट्रॅक्टरवाला पुढं गाणं लावून निवांत. त्याला आजतागायत माहीत नाही.

समीर २०४: बापरे.

आबा १०४: हा वायपर मी दहा वेळा ऐकलाय. पण दर वेळी अंगावर काटा येतोय हे खरं.

समीर २०४: वर्गात शिकवतो तेच लिहितो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात १७ मीटर गेले, ब्रेक अजून लागलेलाच नाही. डिपरचा उजेड नीट पडतो चाळीस-पन्नास मीटर. धुक्यात तर तेवढंही नाही. काकांचे ठिपके दिसले तेव्हा हातात काय राहिलं असंल बघा.

नीता ४०१: मग धुक्यात अप्पर लावायचा ना, लांबचं दिसायला?

समीर २०४: उलट. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा उजेड त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. डिपर ठेवायचा, खाली फॉग लॅम्प असतील तर ते लावायचे. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही थांबलाय का वळताय काहीच कळत नाही. आपल्याकडं हे धुकं नदीकाठी आणि पाणी पाजलेल्या उसाच्या रानात जास्त. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन गार पडते, तिच्या लगतची ओली हवा थंड होते, झालं धुकं. ऊन लागलं की विरघळतं.

शिंदे काका १०१: म्हणूनच म्हणतो, सातला नीघ. सूर्य सातच्या आसपास उगवतोय सध्या. सव्वासातला रंकाळा सोडायचा. तीन तास उशिरा समुद्र बघितलास तर तो कुठं जात नाही.

अमोल ३०२: काका, पटलं. पण रस्ता कुठला?

शिंदे काका १०१: आता ऐक. करूळ घाट वाईट नाही. पण वैभववाडीकडं ऊस होतोय, तो ह्याच दिवसांत घाट चढून वर येतो. भरलेली गाडी पहिल्या गिअरवर चढती, तिच्या मागं दहा कारा, त्यातला एक उतावळा वळणावर ओव्हरटेक मारणार, आणि तू वरनं उतरणार. तुझा पहिला घाट आहे. तू फोंड्यानं जा. राधानगरीपर्यंत रस्ता ओळखीचा, दाजीपूरला चहा घे, पोराला पाय मोकळे करू दे, मग उतर. फोंडा, कणकवली, कसाल, मालवण.

समीर २०४: फोंड्यात पण अवजड वाहनं असतात काका.

शिंदे काका १०१: असतात. मी कुठं म्हणलं गुळगुळीत आहे. वळणं जरा ऐसपैस आहेत आणि नवख्याला ते बरं. सावळा गोंधळ नको, एक सांगितलं ते धर.

आबा १०४: उतरताना न्यूट्रल टाकू नको, तेवढं लिहा की.

शिंदे काका १०१: ते लिहायचंच होतं. पेट्रोल वाचतंय म्हणून घाटात न्यूट्रल टाकणारे आणि त्याच्या पुढं जाऊन इंजिन बंद करणारे, दोघंही एकाच माळेचे मणी. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड आणि ब्रेकचा जोर गेला. ज्या गिअरनं चढला असतास त्या गिअरनं उतरायचं, दुसरा नाहीतर तिसरा. इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतंय. ब्रेक दाबून सोडायचा. त्यावर पाय ठेवून बसायचं नाही, तापले की लागत नाहीत. जळक्या रबरासारखा वास आला तर जागा बघून अर्धा तास थांब. त्यावर पाणी ओतू नको. आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, नियम पण तोच आहे.

अमोल ३०२: लिहून घेतलं.

मेघा वहिनी ४०३: पोरगं गाडीत उलटी करतंय ना तुमचं? रिकाम्या पोटी नेऊ नका आणि तुडुंबही नको. थोडा मऊ भात नाहीतर कोरडं बिस्कीट. मोबाईल हातात देऊ नका, घाटात खाली बघितलं की हमखास. खिडकीतनं लांबचं बघू दे. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. पिशव्या चार ठेवा. एक नको, चार.

नीता ४०१: आईंना पुढच्या सीटवर बसवा हो, गुडघे आखडतात मागं.

अमोल ३०२: पुढं ही बसणार म्हणतीय, मॅप बघायला.

नीता ४०१: मॅप कसला बघताय, दाजीपूरच्या जंगलात रेंज नसते. आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा. आईंना पुढं बसवा.

मेघा वहिनी ४०३: +१

(हा संदेश हटवण्यात आला आहे)

आबा १०४: काय हटवलंस समीर?

समीर २०४: काही नाही आबा. सासूबाईंचा विषय होता.

अमोल ३०२: चिरंजीव विचारतोय, गवा दिसेल का?

आबा १०४: दिसला तर खुश होऊ नका. राधानगरीचं अभयारण्यच गव्यांचं आहे. हजार किलोपर्यंत वजन जातंय, तुमच्या गाडीच्या निम्म्याच्या वर. हॉर्नला तो विचारत नाही. लांब थांबायचं, डिपर करायचा, उतरून फोटो काढायचा नाही. एक गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही, मागं अजून असतात. सकाळी आठ-नऊला फारसं काही नाही. येताना संध्याकाळी जपा.

शिंदे काका १०१: हां, येतानाचं राहिलंच. जाताना सगळे विचारतात, येताना कुणी विचारत नाही. रविवारी जेवण करून, जरा पडून, चारला निघालास तर दाजीपुरात अंधार, गवा, आणि पुढं राधानगरीपासनं परत ट्रॉल्या. शिवाय रानात पाचट पेटवलेलं असतंय, धूर रस्त्यावर उतरतोय, मध्येच काही दिसत नाही. सूर्य सहाच्या पुढं पाच-दहा मिनिटांत मावळतो. बारापर्यंत मालवण सोड. जेवण कणकवलीत कर. पाचला कोल्हापूरच्या अलीकडचं परिते पार झालं पाहिजे.

अमोल ३०२: बारा म्हणजे मालवणी जेवण गेलंच की काका 😭

शिंदे काका १०१: शनिवारी दोनदा जेव.

अमोल ३०२: 🙏 ठरलं. सव्वासात, फोंडा.

शिंदे काका १०१: टायरची हवा निघायच्या आधी बघ, गाडी गार असताना. चालून आल्यावर बघितली की जास्तच दाखवती. स्टेपनीत पण बघ, लोक स्टेपनी विसरतात. काही झालं तर ११२. आणि माझ्याकडनं रेडियम घेऊन जा.

अमोल ३०२: रेडियम कशाला?

आबा १०४: तुला माहीत नाही? ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत लाल रेडियमचा रोल असतोय कायम. चहाच्या टपरीवर ट्रॉली थांबली की हे जाऊन चिकटवतात. वायपरची गोष्ट तिथंच संपत नाही.

शिंदे काका १०१: गप्प बसा आबा. गाडी रस्त्यात बंद पडली तर त्रिकोण ठेवायला लागतो, त्याचं चकाकतं उडालेलं असतंय जुन्या गाडीत. म्हणून म्हणलं.

—

शुक्रवार

अमोल ३०२: ७.२० ला निघालो. हळदी गावापर्यंत ट्रॉल्या मोजल्या, १४. दिवसा पण घाम फुटला.

अमोल ३०२: फोंडा उतरलो. दुसऱ्या गिअरवर. मागनं एकजण हॉर्न मारत होता, मारू दिला. पिशव्या दोन लागल्या. 😐

मेघा वहिनी ४०३: सांगितलं होतं चार.

अमोल ३०२: आई पुढं बसलीय. रस्ता तीच सांगतीय, मॅपची गरज लागली नाही.

—

रविवार

अमोल ३०२: काका, रागवू नका. सुरमई उशिरा आली. दोनला निघालो. आता परिते, पावणेसहा, उजेड जायला लागलाय.

शिंदे काका १०१: फोन ठेव आणि गाडी चालव.

अमोल ३०२: ही टाइप करतीय. मागच्या सीटवरनं.

अमोल ३०२: पुढं ट्रॉली आहे. दिवा नाही. पण लांबनंच दिसली, मागच्या फळीवर लाल रेडियम आहे. तिरकं चिकटवलंय, एक टोक लोंबतंय.

आबा १०४: 👀

शिंदे काका १०१: तिरकं असंल तर माझंच. चष्मा नसतोय टपरीवर. अंतर ठेव.