हार्डविक हॉल: काचेचा थाट की उत्तम वास्तुरचना?

चिरेबंदी:
इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉल या वाड्याचं (१५९०–९७) कौतुक मला पटत नाही. 'हार्डविक हॉल, भिंत कमी नि काच फार' असं तिकडे म्हणतात, आणि घर त्या काचेसाठीच बांधलंय. दर्शनी बाजूची सममिती साधायला काही खिडक्या चक्क खोट्या केल्यात, काचेमागे धुराडं! बाहेरून दिसतं ते आत नाही. वर बुरुजांच्या माथ्यावर मालकीण बेस ऑफ हार्डविक, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, हिची 'ई एस' ही आद्याक्षरं. हा निव्वळ श्रीमंतीचा देखावा आहे.

गवाक्ष:
साफ असहमत. खिडक्यांची उंची मजल्यागणिक वाढते ते बघा. तळाशी स्वयंपाक आणि नोकरचाकर, मधे राहती दालनं, सर्वांत वर समारंभाची. कुठल्या मजल्याचा मान किती, हे अंगणातूनच कळतं. शिवाय जुन्या इंग्रजी वाड्यांत मोठा हॉल दर्शनी भिंतीला समांतर असे. वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनच्या या आराखड्यात तो दारातून सरळ आत, घराच्या मधोमध जातो. त्या काळात हे धाडस होतं.

कोनाडा:
धाडस खरं, पण राहणाऱ्यांचं काय? टेकडीवरचा वारा आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली पातळ काच. वरची लाँग गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन, सुमारे ५० मीटर लांब, ती शेकोट्यांनी कितीशी तापणार? एवढ्या उजेडाने भिंतींवरचे विणलेले चित्रपडदेही विटतात, म्हणून आता घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या वारसा संस्थेला खिडक्या झाकाव्या लागतात.

गवाक्ष:
थंडीचा विचार झालाच होता. बाहेरच्या भिंतीत काच भरायची म्हणून बरीच धुराडी आतल्या जाड भिंतींत घेतली, म्हणजे त्यांची ऊब घरातच राहते.

चिरेबंदी:
हा मुद्दा मान्य. पण मग खोट्या खिडक्या कशाला? तिथे सरळ दगडी भिंत ठेवली असती तरी घर देखणंच दिसलं असतं.

निळावंती:
देखावा म्हणून हे मोडीत काढू नका. बेस ऑफ हार्डविक चार लग्नं झालेली, साठी ओलांडलेली बाई. १५९० मध्ये चौथा नवरा, श्रूजबरीचा अर्ल, वारला आणि ती स्वतःच्या पैशाची पूर्ण मालकीण झाली. दगड, लाकूड तिच्याच जमिनीतलं, काचेचा कारखानाही तिचा. काच तेव्हा भयंकर महाग होती. सोळाव्या शतकात एका बाईने स्वतःचं नाव आकाशाच्या रेषेवर कोरलं, याला मी वास्तुरचनेचाच भाग मानते. खोट्या खिडक्यांबद्दल मात्र चिरेबंदींशी सहमत.