पहिल्या रात्री एकच दिवा का?

हनुक्का या ज्यूंच्या आठ रात्रींच्या सणाचे आठही दिवे पहिल्याच रात्री का लावत नाहीत, असा प्रश्न पडतो. शम्माई आणि हिलेल हे प्राचीन काळचे ज्यू धर्मपंडित. शम्माईचा पंथ आठवरून उतरत जा म्हणायचा. हिलेलच्या पंथानं चढता क्रम धरला, कारण पवित्र गोष्टीत भर पडावी, घट नको. तोच टिकला. दिवे उजवीकडून मांडायचे, पेटवताना मात्र सुरुवात नव्या दिव्यापासून. शमाश, म्हणजे बाकीचे दिवे पेटवायची जादा मेणबत्ती, धरून आठ रात्रींना ४४ मेणबत्त्या लागतात. तेलाचे दिवे लावणार असाल तर खोबरेल टाळा: थंडीत ते थिजतं, वात तेल ओढत नाही, ज्योत बारीक होत होत विझते. तीळतेल किंवा ऑलिव्हचं तेल चांगलं. अंधार पडल्यावर किमान अर्धा तास दिवा जळायला हवा. त्या उजेडात वाचायचं नाही, शिवायचं नाही. नुसतं बघत बसायचं, आणि माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे. शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांआधी, अंधार पडण्यापूर्वीच लावायचे, म्हणून तेल दीड तास पुरेल इतकं भरा.